अबोल संगणकाची कुजबुज

ज्या संगणकाला इंटरनेटची जोडणी नाही तो सुरक्षित, असे आपण सहज धरून चालतो. संरक्षण खात्यातील किंवा वीजकेंद्रातील महत्त्वाचे संगणक याच भरवशावर एकाकी ठेवले जातात. २०१३ साली जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या मिखाएल हान्सपाख व मिखाएल ग्योट्झ या संशोधकांनी या भरवशाला तडा दिला. त्यांनी साध्या लॅपटॉपांच्या स्पीकर-मायक्रोफोनमधून, माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीने, १९.७ मीटर अंतरापर्यंत माहिती पोहोचविली. आपला कान फार तर २० हजार हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकतो. वयोमानाने ही मर्यादाही खाली येते. त्यापलीकडे यंत्रे खुशाल बोलू शकतात.

वेग मात्र कासवाचा, सेकंदाला सुमारे २० बिट. एक मेगाबाइटची फाइल पाठवायची तर साडेचार दिवस लागतील. परंतु वीस अक्षरांचा पासवर्ड आठ सेकंदांत बाहेर जातो, आणि चोराला बहुधा तेवढेच हवे असते.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ध्वनी हा केवळ वाहक आहे; बोलणारा घातक प्रोग्राम आधी त्या संगणकात शिरलेला असावा लागतो. म्हणून अनोळखी पेनड्राइव्ह रोखणे हा पहिला बंदोबस्त, असे आमचे मत आहे. इराणमधील नतान्झच्या अणुकेंद्रात शिरलेला आणि २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट याच वाटेने पसरला.

धम्मात इंद्रियसंवराला, म्हणजे इंद्रियांच्या दारांवरील पहाऱ्याला, मोठे स्थान आहे. संगणकाचेही मुख आणि कान मिटता येतात: स्पीकर व मायक्रोफोन काढून टाकावेत, बायोसमधून ध्वनियंत्रणा बंद करावी. ती ठेवणे भागच असेल तर उच्च कंपने गाळणारा फिल्टर बसवावा. केवळ मायक्रोफोन काढल्याने भागत नाही. हेडफोन किंवा साधा स्पीकर उलट वापरला तर तोही ऐकू लागतो, हे इस्रायलच्या बेन-गुरिअन विद्यापीठातील मोर्देखाय गुरी व सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे. इतकेच काय, स्पीकर नसतानाही पंख्याचा वेग किंवा हार्डडिस्कची खरखर बदलून माहिती पाठविता येते, हे त्यांनी २०१६ मध्ये सिद्ध केले. डिस्कच्या जागी एसएसडी बसविल्यास ती खरखर थांबते. पंख्यावर इतका सोपा उपाय नाही. तेथे अंतर राखणे, म्हणजे ऐकू शकणारे कोणतेही यंत्र जवळ येऊ न देणे, हाच मार्ग उरतो. अशा खोलीबाहेर मोबाइल काढून ठेवावा लागतो, त्यामागे हेही एक कारण आहे.