सॉफ्टवेअर विकत घेतले, पण मालकी कोणाची?

मालवण, कुडाळ, सावंतवाडीच्या बाजारपेठांत हिशेबाला आणि छपाईच्या जुळणीला आता संगणक लागतो. यंत्राची पावती आपल्या नावाची असते, म्हणून त्यातील सॉफ्टवेअरही आपलेच, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. व्यापारी व कारागीर बंधूंनी ती समजून घ्यावी, म्हणून हा विषय आम्ही येथे मांडत आहोत.

होडीसाठी घेतलेले इंजिन उद्या दुसऱ्या होडीला बसवता येते, विकताही येते. सॉफ्टवेअरचे तसे नसते. पैसे देऊन बहुधा वापराचा परवाना मिळतो. मालकी कंपनीकडेच राहते. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1984 साली संगणकाच्या प्रोग्रामचा समावेश झाला. चोरीची प्रत जाणूनबुजून वापरल्यास कलम 63 ब खाली किमान 7 दिवस कैद व 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापर असेल तर कैदेतून सूट नाही. मात्र कलम 52 नुसार, रीतसर घेतलेल्या प्रोग्रामची राखीव प्रत नुकसानीपासून बचावासाठी काढता येते.

आता मालकीचा वाद कसा चिघळतो ते पाहू. यंत्र चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. पूर्वी ती बहुधा एकाच जातीच्या यंत्रापुरती लिहिलेली असे. अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत 1969 मध्ये युनिक्स सुरू झाली. 1973 मध्ये ती सी भाषेत पुन्हा लिहिली गेली आणि त्यामुळे पुढे निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर नेता आली. जो माल कुठेही चालतो त्याच्या मालकीला भाव येतो. भांडणे तेथूनच सुरू झाली.

युनिक्सचे हक्क 1993 मध्ये नॉव्हेल कंपनीने घेतले. त्यानंतर युनिक्सचा धंदा हातोहात फिरत एससीओ कंपनीकडे गेला. युनिक्ससारखीच, पण स्वतंत्रपणे लिहिलेली आणि सर्वांना खुली असलेली लिनक्स 1991 मध्ये आली होती. तिच्यात आमचा माल घातला, असा आरोप करून एससीओने 2003 मध्ये आयबीएमवर दावा लावला. 2004 मध्ये तर मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या ऑटोझोनलाही, लिनक्स वापरते म्हणून, कोर्टात खेचले. शेवटी 2010 मध्ये ज्युरीने निकाल दिला की, युनिक्सचे कॉपीराइट एससीओकडे आलेच नव्हते, ते नॉव्हेलकडेच होते. आयबीएमबरोबरचा वाद मिटायला 2021 उजाडले. भांडण कंपन्यांचे, पण झळ दुकानदाराला लागली ती अशी.

आपल्याकडे हे दुखणे अक्षरांच्या रूपाने आले. श्रीलिपी, आकृती अशा जुन्या मराठी फाँटांत अक्षरांचे क्रमांक ज्याचे त्याचे वेगळे. निकाहपत्रिकेची वा बिलबुकाची जुळणी तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडली की निरर्थक चिन्हे दिसत. 1994 मध्ये आलेल्या उर्दूच्या इनपेजचीही जुनी फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ उघडत नाही. मजकूर आपला, पण किल्ली दुसऱ्याच्या हाती! युनिकोडने प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच क्रमांक दिला, त्यामुळे ही अडचण पुष्कळ कमी झाली.

आमची सूचना अशी. सॉफ्टवेअर घेताना पावती व परवाना जपून ठेवा. यंत्र बदलल्यास तेच सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर चालेल का, हे आधीच विचारा. दरवर्षीचा हिशेब दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येईल अशा साध्या फाइलमध्ये काढून ठेवा. नवी जुळणी युनिकोडमध्ये करा. लिनक्स, लिब्रेऑफिस यांना परवाना शुल्क नाही आणि प्रती काढण्याची मुभा आहे. परंतु आपला प्रिंटर व हिशेबाचा प्रोग्राम त्यावर चालतो का, हे तपासूनच बदल करा.

सॉफ्टवेअर कंपनीचे असले तरी उधारीची वही आणि गिऱ्हाइकांची यादी आपली आहे. ती दुसऱ्या यंत्रावर नेता आली पाहिजे, एवढा आग्रह प्रत्येक दुकानदाराने धरावा.