गॅस गीझर पेटतो कसा, आणि बाथरूममधली हवा जाते कुठे?

थंडी सुरू झाली की फजरच्या वुजूपासून मुलांच्या शाळेच्या अंघोळीपर्यंत घरातला गॅस गीझर सारखा सुरू-बंद होत असतो. नळ सोडला की टक-टक आवाज येतो, भप्पकन ज्योत पेटते आणि काही सेकंदांत गरम पाणी हजर! पण याच दिवसांत बंद बाथरूममध्ये गुदमरून जीव गेल्याच्या बातम्याही वाचायला मिळतात. स्फोट नाही, गॅसचा वास नाही, मग माणूस गेला कसा? हे समजायचं तर गीझर आतून कसा चालतो ते आधी पाहायला हवं.

नळ सोडल्यावर काय होतं?

इन्स्टंट गीझरमध्ये पाणी साठवलेलं नसतं. पाण्याच्या वाटेवर एक रबरी पडदा असतो. पाणी वाहू लागलं की तो सरकतो, एक पिन ढकलतो आणि आतला छोटा स्विच दाबला जातो. मग दोन सेलच्या 3 व्होल्टवर गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ठिणग्या पडतात. टाकीतून येणाऱ्या पाण्याला जोर नसेल तर पडदा सरकत नाही. सेल उतरले असतील तर गॅस पेटत नाही. गीझर पेटत नसेल तर मेकॅनिकला बोलावण्याआधी या दोन गोष्टी बघून घ्याव्यात.

बर्नरमध्ये गॅस जेटच्या बारीक भोकातून वेगाने बाहेर पडतो आणि आजूबाजूची हवा सोबत ओढतो. दोन्ही मिसळून पेटतात आणि वरच्या तांब्याच्या नळीतलं पाणी तापतं. सिलिंडरचा गॅस आणि पाइपलाइनचा गॅस यांचे जेट वेगळे असतात. म्हणून पाइपलाइन आली की जुना गीझर तसाच जोडू नये.

पायलट म्हणजे काय?

काही जुन्या गीझरमध्ये, तसंच परदेशात वापरल्या जाणाऱ्या टाकीच्या अनेक गीझरमध्ये ठिणगीऐवजी एक छोटी ज्योत कायम जळत असते. तीच पायलट. तिच्यात थर्मोकपल नावाची दोन धातूंची कांडी टेकलेली असते. कांडीचं टोक तापलं की व्होल्टच्या काही शतांश भागाएवढी अगदी थोडी वीज तयार होते. तेवढ्यावर एक चुंबक गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो. वाऱ्याने पायलट विझली तर कांडी थंड होते, चुंबक सुटतो आणि गॅस आपोआप बंद होतो. पायलट पेटवताना बटण थोडा वेळ दाबून धरावं लागतं ते यासाठीच. कांडी तापेपर्यंत चुंबकाचं काम आपला हात करत असतो.

आजच्या सेलवाल्या गीझरमध्ये हेच काम ज्योतीजवळची एक तार करते. ज्योत दिसली नाही तर काही सेकंदांत गॅस बंद!

मग धोका कुठे आहे?

ही सगळी यंत्रणा एकच गोष्ट बघते: ज्योत पेटली आहे की नाही. खोलीत हवा उरली आहे की नाही, हे साध्या गीझरला कळत नाही.

मिनिटाला 6 लिटर पाणी तापवणारा गीझर स्वयंपाकाच्या चार-पाच शेगड्यांएवढा गॅस एकदम जाळतो. सिलिंडरच्या एक भाग गॅसला 25 ते 30 भाग हवा लागते. हिशेब केला तर पूर्ण ज्योतीवर 15 मिनिटांत जवळपास 3 घनमीटर हवा खर्च होते. 4 बाय 6 फुटांच्या, 8 फूट उंच बाथरूममध्ये एकूण हवाच साधारण साडेपाच घनमीटर असते. म्हणजे एका अंघोळीत निम्म्याहून जास्त!

हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅसगळती ओळखता यावी म्हणून सिलिंडरच्या गॅसमध्ये वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. तो रक्तात ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, हातपाय गळून जातात. काही वेळा कडी काढायचीही ताकद राहत नाही.

घरात काय करावं?

गीझर बाथरूममध्ये लावूच नका. बाल्कनीत किंवा मोकळ्या हवेच्या जागी लावा आणि गरम पाण्याची फक्त नळी आत घ्या. आधीच आत बसवलेला असेल तर तो बाहेर हलवेपर्यंत बादली आधी भरून घ्या, गीझर बंद करा, दार थोडा वेळ उघडं ठेवा आणि मगच अंघोळीला जा. झरोका थंडीतही बुजवू नका. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा काजळी धरली तर वापर थांबवून बर्नर साफ करून घ्या. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण न दाबता रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा आणि घराबाहेर येऊन 1906 वर फोन करा.

कुणी आत पडलं असेल तर दार उघडून आधी त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि 108 ला फोन लावा. डॉक्टरांना गॅस गीझर सुरू होता हे आवर्जून सांगा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा नॉर्मल दाखवू शकतं, त्यावर विसंबून घरी थांबू नका.