आलेफ मुका, आयिन बोलका

बेने इस्राएलांच्या, म्हणजे आम्हा कोकणी ज्यूंच्या, हिब्रू वाचनाचा आढावा म्हटलं की मंडळी नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतापासून सुरुवात करतात. ती कथा आता सगळ्यांना पाठ आहे. दावीद रहाबी आले, त्यांनी काजी नेमले, हेही. मला त्यातलं एवढंच हवंय की पोथी नव्हती, अक्षरओळख नव्हती, तरी 'शेमा' ही प्रार्थना तोंडी टिकली. जन्म असो, सुंता असो, मयत असो, शेमा म्हटली गेलीच. जे टिकलं ते कानाने टिकलं, म्हणून हिब्रू आधी कानाने शिकवा, हे माझं जुनं पालुपद. ते ऐकून कंटाळलेले लोक ठाण्यात पुष्कळ भेटतील.

लिपीचा उगम, फिनिशियन वळण, मग आरामींकडून घेतलेलं चौकोनी वळण, हे कुठल्याही ज्ञानकोशात सापडेल. अक्षरं 22, उजवीकडून डावीकडे, त्यांतल्या 5 अक्षरांची शब्दाच्या शेवटी रूपं बदलतात. पुढे चला.

1796 साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत मांडवीला पहिली मशीद बांधली (आमचे जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत), तेव्हा वाचणाऱ्यांची गरज पडली. वाचायला शिकवलं ते बाहेरच्यांनी. कोचीनचे शेलोमो सालेम शुर्राबी आले. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या. जॉन विल्सनसाहेबांनी 1832 मध्ये खास आमच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. हेतू उघड होता. आमच्या लोकांनी व्याकरण ठेवून घेतलं आणि बाप्तिस्मा साभार परत केला. 1846 मध्ये मुंबईत मराठी अर्थासह हग्गादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी) शिळाछापावर निघाली, 1874 मध्ये पुण्यात सचित्र निघाली. योसेफ यहेज्केल राजपूरकरांनी प्रार्थनेची पुस्तकं मराठीत आणली, हाईम शमुवेल केहिमकरांनी 1875 मध्ये इस्राएली शाळा काढली. ही सगळी माणसं मोठी. पण एक प्रश्न कोणी विचारत नाही. त्या शाळांत पोरं अक्षर कसं शिकत होती?

मी शिकलो तसं, बाराखडीने. आमचे हझान (प्रार्थना चालवणारे) पाटी पुढे ठेवून अक्षराला एकेक स्वरखूण लावत सुरात म्हणवून घेत: बेतला कामात्स बा, त्सेरे बे, हिरिक बी, होलाम बो, शुरुक बू. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या हेदरमध्ये, म्हणजे पाठशाळेत, पोरं हेच घोकत, फक्त तिथे कामात्सचा 'ओ' व्हायचा. येमेनमध्ये तर सगळ्या वर्गात एकच पुस्तक. पोरं त्याभोवती बसत, त्यामुळे कोणाला सुलटं वाचता येई, कोणाला उलटं, कोणाला आडवं. तरीही सगळ्या ज्यूंत येमेनींचा उच्चार फार चोख मानला जातो.

मराठी मुलाला हिब्रूच्या उच्चारात उपजत फायदा आहे, आणि तो कोणी वापरत नाही. त्सादी म्हणजे 'चाक'मधला च, 'चहा'तला नव्हे. झायिन म्हणजे 'जाळं'तला ज, जरा सैल सोडलेला. इंग्रजीतून शिकणारा इथे अडखळतो, आमचं पोर सहज म्हणून जातं. अक्षराच्या पोटात टिंब असलं की बेत, नसलं की वेत, हेही त्याला एका बैठकीत कळतं. स्वरखुणा नसलेला मजकूर अंदाजाने वाचायचा, याचंही ज्याच्या आजोबांनी मोडीत दप्तर ठेवलं त्याला नवल वाटू नये.

अडतं ते घशात. हेत हा आपला ह नव्हे, तो आणखी खालून येतो, पण खाफसारखा खरवडत नाही. आलेफ मुका, त्याच्यावर स्वर बसेल तेवढाच बोलतो. आयिन मात्र घसा आवळून काढायचा. अलिबागकडे आमच्या शेजारच्या मदरशातली मुलं अलिफ आणि ऐन वेगळे काढत. आमचे हझान आम्हाला खिडकीशी उभं करून ते ऐकवत. भायखळ्याच्या बगदादी ज्यूंचा आयिनही तसाच पक्का असे.

घशाच्या या काटेकोरपणाला मी चोचले मानत नाही. तोराच्या गुंडाळीत शेमाच्या ओळीतली दोन अक्षरं मुद्दाम मोठी लिहितात, पहिल्या शब्दाचा आयिन आणि शेवटच्या शब्दाचा दालेत. दालेतचा कोपरा गोल झाला की रेश होतो आणि 'एक'चा 'दुसरा' होतो. आयिनचा आलेफ झाला की 'ऐक'चं 'कदाचित' होतं. आलेफ आणि आयिन यांची गल्लत करणाऱ्या गावच्या माणसांना प्रार्थनेसाठी पुढे उभं करू नये, असं तल्मूदमध्ये सांगितलेलं आहे. हैफा आणि बेत शआन यांची नावंही घेतलेली आहेत.

यावर आमच्यातले काही विद्वान म्हणतात, इस्राएलमध्ये तरी रस्त्यावर आयिन कोण काढतो? बरोबर. हिब्रू पुन्हा बोलीत आणणारे बेन-येहूदा आणि त्यांच्या भाषा समितीला पूर्वेकडचे उच्चार हवे होते, युरोपातून आलेल्यांच्या घशाला ते झेपले नाहीत. तरी इस्राएलच्या नभोवाणीवरचे निवेदक कितीतरी वर्षं हेत आणि आयिन नीट काढत. रस्ता हे प्रमाण मानलं तर मराठी शुद्धलेखनाचंही काही खरं नाही.

दुसरे विद्वान म्हणतात, स्वरखुणा या कुबड्या, फेकून द्या. तिबेरियासच्या पंडितांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून त्या बसवल्या. आरोन बेन आशेर यांनी दहाव्या शतकात आलेप्पोच्या पोथीला त्या स्वतः लावल्या. तोराच्या गुंडाळीत त्या नसतात, खरं आहे, पण गुंडाळी वाचणारा आधी खुणांच्या पुस्तकावरच तयारी करतो.

सगळ्यात राग येतो तो नागरीत उतरवलेल्या प्रार्थनेच्या पुस्तिकांचा. 'शेमा' छापलं की आयिन गेला. तेत आणि ताव दोघांचा त. हेत आणि हे दोघांचा ह. बार मित्झवाच्या, म्हणजे तेराव्या वर्षीच्या धर्मसंस्काराच्या, वेळी मुलगा फोनवर ऐकून नागरीतून धडधडा म्हणतो, आईवडील खूश होतात, आणि पुस्तक उलटं धरलं तरी त्याला कळत नाही. लोद, दिमोना, अश्दोदला गेलेल्या आमच्या नातवंडांना अक्षर येतं, पण घसा गेला. इथल्यांचं दोन्ही गेलं.

मराठीतून एक साधी अंकलिपी हवी. चित्रं नकोत. ठसा ठळक हवा, दालेत आणि रेश, सामेख आणि शेवटचा मेम समोरासमोर छापलेले हवेत, आणि प्रत्येक अक्षराची बाराखडी सुरात म्हणता येईल अशा ओळीत हवी. मजकूर माझ्याकडे तयार आहे, छापणारा पुढे यावा. फक्त पानाखाली नागरी उच्चार घालू म्हणणाऱ्याने येऊ नये.