कुठला सिहोरा?

गेल्या दिवाळीत भाऊबीजेसाठी मी नागपूरहून ताईकडे सिहोऱ्याला गेलो होतो. हे गाव भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यातले. जवळच बावनथडी नदी आणि पल्याड मध्य प्रदेश. भाऊजींची बांधी नदीकडच्या बाजूला. सायंकाळी कापलेल्या धानाच्या पेंढ्या उचलताना त्यांच्या पायाला साप डसला.

मी थरथरत्या हातांनी ११२ लावला. उत्तर आले ते हिंदीत. "सिहोरा!" मी ओरडलो. "कौन सा सिहोरा? जबलपुर वाला?"

माझी तर वाचाच बसली! जबलपूर जिल्ह्यातही सिहोरा आहे, आणि तो आमच्यापेक्षा मोठा, हे मला तेव्हा कुठले ठाऊक? धुऱ्यावर निजवलेले भाऊजीच म्हणाले, "अरे बाबा, आधी जिल्हा सांग! भंडारा! महाराष्ट्र!"

तेवढ्याने काम झाले. फोन योग्य ठिकाणी जोडून मिळाला, गाडी आली, तुमसरला सर्पविषावरचे इंजेक्शन मिळाले. भाऊजी वाचले.

परतल्यावर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांना मी विचारले, "मी उभा महाराष्ट्रात, मग माझी हाक पलीकडे गेली कशी?"

ते हसले. "अहो, मोबाईलला राज्याची हद्द काय ठाऊक! आसपासच्या मनोऱ्यांचा जोर तो सारखा मोजत असतो. धरलेल्या मनोऱ्यापेक्षा दुसरा चांगलाच सरस ठरला आणि थोडा वेळ सरस राहिला, म्हणजे तो घर बदलतो. एरवी दोन मनोऱ्यांत त्याची नुसती येरझार व्हायची! नदीच्या मोकळ्या पात्रावर लहरींना अडवायला घर नाही की झाड नाही. तुमच्या फोनने पल्याडचा मनोरा धरला असणार. आणि ११२ ची हाक मनोऱ्याच्या मुलखाप्रमाणे वाटेला लागते."

"आणि आपल्या कंपनीचा मनोराच नसला तर?"

"साध्या फोनला तो लागतोच. संकटाच्या हाकेला मात्र मिळेल त्या कंपनीचा मनोरा चालतो. 'फक्त आपत्कालीन कॉल' ही अक्षरे दिसली, तर खिशात ठेवू नका, फोन लावा."

वाचकहो, लंडनमध्ये १९३७ साली ९९९ हा क्रमांक सुरू झाला, तेव्हा टेलिफोन तारेने एका घराला बांधलेला होता. आपल्याकडे ११२ प्रथम २०१८ साली हिमाचल प्रदेशात सुरू झाला, तो खिशातल्या फोनच्या काळात. मनोऱ्यावरून मुलूख कळतो. आपण कुठल्या धुऱ्यावर उभे आहोत, ते आपल्यालाच सांगावे लागते. म्हणून आधी राज्य, मग जिल्हा, तालुका, गाव आणि जवळची खूण. संकट काय ते त्यानंतर.

ताईने आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ठळक अक्षरांत लिहून ठेवले आहे: महाराष्ट्र, जिल्हा भंडारा, तालुका तुमसर, सिहोरा. आपल्या घरच्या कॅलेंडरवरही एवढी ओळ असू द्या. पाहुण्याला घराचा पत्ता पाठ नसतो, हे मी स्वतःवरून सांगतो!