रिझर्व्ह बँकेला पावसाशी काय देणंघेणं?

गैरसमज: हवामानबदल पर्यावरण खात्यानं बघावा, रिझर्व्ह बँकेनं व्याजदर.

वस्तुस्थिती: व्याजदर ठरवायचे तर भाजीबाजार बघावाच लागतो. जुलै 2023 मध्ये टोमॅटो आणि इतर भाज्या भडकल्या, किरकोळ महागाई 7.44 टक्क्यांवर गेली. लक्ष्य 4 टक्क्यांचं, सहनमर्यादा 6 ची. रेपो दर वाढवून टोमॅटो पिकत नाहीत, ही पतधोरण समितीची खरी पंचाईत.

गैरसमज: संकट येईल ते 2050 मध्ये, पीककर्ज तर वर्षभरात फिटतं.

वस्तुस्थिती: सगळे कर्जदार एकदम थकत नाहीत, या भरवशावर बँक चालते. अतिवृष्टीत तोच भरवसा जातो. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या शाखेत सोयाबीनवाल्या शेतकऱ्याचं खातं असतं, त्याला उधारीवर खत देणाऱ्या कृषी केंद्राचं असतं, माल घेणाऱ्या आडत्याचं आणि हप्त्यावर ट्रॅक्टर घेतलेल्याचंही. कागदावर हे चार वेगळे कर्जदार. पाऊस चौघांवर एकच. पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा जास्त झालं तर कर्जाचं पुनर्गठन करण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेनं केली. शेतकऱ्याला उसंत मिळते, ती मिळायलाच हवी. पण जोखीम संपत नाही, पुढच्या हंगामावर जाते. आणि तोही हंगाम वाहून गेला तर?

गैरसमज: धोका फक्त पूर-दुष्काळाचा.

वस्तुस्थिती: नियम बदलले तरी कर्ज अडकतं. 1 जानेवारी 2026 पासून युरोपीय संघात आयात पोलादावर कार्बनचा आकार लागू झाला. कोळशाच्या भट्टीवर चालणाऱ्या निर्यातदार कारखान्याला दीर्घ मुदतीचं कर्ज देताना बँकेनं हा खर्च धरायलाच हवा.

गैरसमज: हवामानाची ताणचाचणी म्हणजे भाकीत.

वस्तुस्थिती: बँक ऑफ इंग्लंडनं 2021 मध्ये 30 वर्षांच्या तीन कल्पित शक्यता मांडल्या: वेळेवर उपाय, उशिरा उपाय, आणखी उपायच नाहीत. प्रत्येकीत किती तोटा होईल, हे बँकांना आणि विमा कंपन्यांना काढायला लावलं. त्यावरून कुणाचं भांडवल वाढवायचं नव्हतं. कुठे दुखतंय ते शोधायचं होतं.

आपल्याकडे फेब्रुवारी 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेनं हवामान-जोखीम जाहीर करण्याच्या नियमांचा मसुदा काढला. ऑक्टोबरमध्ये विखुरलेली हवामान-माहिती एका ठिकाणी आणणारी प्रणाली जाहीर केली. माझ्या मते मसुद्यापेक्षा हीच जास्त कामाची. तारण जमिनीचा सातबारा शाखेत असतो. ती पूररेषेत येते का, हे त्यावर नसतं.