नेमणूकपत्र हातात आल्यावर

जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करून आमच्या वसतिगृहातल्या मुली बाहेर पडतात, तेव्हा बहुतेक जणी आपल्या घरातल्या पहिल्या पगारदार असतात. अक्राणी, अक्कलकुवा, नवापूर या भागांतल्या घरांत पाच आकडी पगार वाचला की पत्र वाचून झाले असे समजतात. पुढची दोन पाने कोणी उलटत नाही. आई-वडिलांना वाचता येत नसेल तर वाचणारी तीच आणि ठरवणारीही तीच, आणि पत्रावर लिहिलेले असते, ‘सात दिवसांत हजर व्हावे.’ त्या सात दिवसांत काय पाहायचे, ते या अंकात लिहिते आहे. पालकांनी आणि पाळकांनीही हे वाचावे, कारण मुलगी शेवटी त्यांनाही विचारते.

पहिली गोष्ट तासांची. महिना १६,००० रुपये देणारे शहरातले खासगी रुग्णालय आणि १३,५०० देणारे तालुक्याचे रुग्णालय यांत पहिले मोठे वाटते. पण पहिल्या ठिकाणी बारा तासांची ड्युटी असेल आणि दुसरीकडे आठ तासांची, तर २६ दिवसांचा हिशेब करून पाहा. पहिल्या ठिकाणी तासाला सुमारे ५१ रुपये पडतात, दुसऱ्या ठिकाणी सुमारे ६५. शिवाय शहरात खोलीचे भाडे, मेस आणि दर सणाला गावी येण्याचे एसटीचे पैसे. हा हिशेब मी मुलींना त्यांच्याच वहीत, त्यांच्याच हाताने करायला लावते. तोंडी सांगितलेला पटत नाही.

पत्रात पगार ‘सीटीसी’ म्हणून लिहिला असेल तर हातात किती पडतील ते वेगळे विचारावे. भविष्य निर्वाह निधीसाठी मूळ पगारातून १२ टक्के कापले जातात. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि रुग्णालयाला ईएसआय लागू असेल तर त्याचे पाऊण टक्का. ही कपात वाईट नाही. निधीतला पैसा आपलाच असतो आणि ईएसआयमुळे आजारपणात आधार मिळतो. वाईट असते ती कपात होऊनही खाते क्रमांक न मिळणे. म्हणून पहिल्या पगाराच्या चिठ्ठीबरोबर यूएएन क्रमांक मागून घ्यावा.

योग्य पगार किती, असे सगळेच विचारतात. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निर्देशानंतर केंद्र सरकारने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांसाठी एक समिती नेमली होती. समितीची शिफारस अशी : २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारच्या परिचारिकेइतका पगार असावा, १०० हून अधिक खाटा असतील तर त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी २०,००० रुपयांच्या खाली नको. ही शिफारस आहे, तिच्या बळावर उद्या कोणी पगार वाढवून देणार नाही. पण मुलाखतीत “नवीन मुलीला एवढेच देतात” असे ऐकवले जाते, तेव्हा हे आकडे आपल्याला माहीत असलेले बरे.

आता बाँडविषयी, आणि इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे. ‘दोन वर्षे काम करीन, आधी सोडल्यास अमुक रक्कम भरीन, आणि तोपर्यंत मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाकडे राहतील’ अशा अर्थाचे वाक्य पत्रात शेवटी, बारीक अक्षरात येते. भारतीय परिचर्या परिषदेने परिचारिकांकडून असे सेवा-बाँड घेण्याला विरोध केलेला आहे. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याचा अधिकार तर कोणत्याच मालकाला नाही. ती परत देण्याचे आदेश न्यायालयांनी दिलेले आहेत. रुग्णालयाला तपासणीसाठी मूळ कागद पाहता येतात. पाहावेत, झेरॉक्स ठेवून घ्यावी आणि त्याच दिवशी परत द्यावेत.

आपल्या मुलींच्या बाबतीत याची झळ जास्त बसते. सरकारी भरतीत अनुसूचित जमातीच्या जागेसाठी जमातीचा दाखला आणि तपासणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते, आणि कागदपत्र पडताळणीला सगळे मूळ हजर करावे लागते. पेसा भागात एएनएमसारखी पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरायची अशी राज्यपालांची अधिसूचना आहे. म्हणजे ज्या जागेसाठी ती शिकली, त्या जागेची किल्ली ते कागदच आहेत. आमच्या एका मुलीचे नाव भरतीच्या यादीत आले, पडताळणीला चार दिवसांची मुदत होती आणि तिचे बी.एस्सी.चे प्रमाणपत्र व गुणपत्रके दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका खासगी रुग्णालयाच्या कपाटात. “मालक गावाला गेलेत” असे तिला तीन दिवस सांगितले. चौथ्या दिवशी पुढच्या उमेदवाराला बोलावले गेले. ती अजून त्याच रुग्णालयात काम करते. तिथे तिचा पगार वेळेवर होतो, हेही लिहायला हवे.

म्हणून कागद देऊ नयेत. फारच आग्रह झाला तर “वैधतेच्या कामासाठी लागतात” असे सांगावे, ते खोटे नाही. कागद आधीच दिले असतील तर तारीख टाकून लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा.

पगार आणि कागद यांच्याइतकीच महत्त्वाची तिसरी गोष्ट पत्रात कधीच नसते. रात्री वॉर्डात तिच्याबरोबर कोण असेल? परीक्षा पास झालेली मुलगी पहिल्या सहा महिन्यांत खरी घडते, आणि ती घडवते शेजारी उभी असलेली जुनी सिस्टर. बाळंतिणीला अंगावरून फार जायला लागले की हाक कधी मारायची, कोणते इंजेक्शन हळू द्यायचे, नातेवाईक अंगावर आले तर काय बोलायचे, हे पुस्तकात असले तरी हातात येत नाही. लहान खासगी रुग्णालयांत नव्या मुलीला दुसऱ्याच आठवड्यात एकटीने नाईट देतात आणि डॉक्टर वरच्या मजल्यावर झोपलेले असतात. काही बिघडले की जबाबदार तीच. म्हणून हजर होण्यापूर्वी एकदा जाऊन यावे. मेट्रनला विचारावे, रात्री एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात, पहिली नाईट कधी लागेल, डॉक्टर आवारात राहतात का. चहाच्या टपरीवर तिथल्याच दोन मुलींशी बोलावे. त्या खरे सांगतात. क्वार्टरच्या दाराला आतून कडी आहे का आणि संडास कुठे आहे, तेही पाहून घ्यावे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. समितीवर कोण आहे हे विचारल्यावर मेट्रनचा चेहरा कसा होतो, त्यावरूनही बरेच कळते.

बी.एस्सी. झालेल्यांसमोर अलीकडे आणखी एक दार आहे, उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे, म्हणजे सीएचओचे. महिना २५,००० रुपये ठरलेले आणि कामगिरीनुसार १५,००० पर्यंत वर. आकडा मोहात पाडणारा आहे. पण घरखर्च आणि कर्जाचा हप्ता २५,००० वरच बसवावा, वरचे मिळाले तर मिळाले, आणि तेही दर महिन्याला सारखे येतील असे धरू नये. करार एका वर्षाच्या आतला, पुन्हा पुन्हा वाढवला जाणारा. नियमित करावे म्हणून या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी २०२३ मध्ये राज्यभर संप केला होता. नियमित सरकारी नोकराला आदिवासी भागात मिळणाऱ्या सवलती कंत्राटीला आपोआप लागू होत नाहीत. प्रशिक्षणासाठी हमीपत्र लिहून घेत असतील तर त्यातली मुदत आणि रक्कम आधी वाचावी. आदिवासी भागात एका उपकेंद्रामागे ३,००० लोकसंख्या धरतात, पण सातपुड्यात ते लोक पाड्यापाड्यांत विखुरलेले असतात. पावरी किंवा भिली बोलणारी आपली मुलगी तिथे गेली तर म्हातारी आजी रक्तदाब तपासायला हात पुढे करते. हे काम आपल्या मुलींचेच आहे असे मला मनापासून वाटते. तरी मी सांगते, आधी वर्षभर लेबर रूम असलेल्या रुग्णालयात हात बसू दे, मग उपकेंद्रावर जा.

‘नर्स प्रॅक्टिशनर’ हे नावही आता जाहिरातींत दिसू लागले आहे. परिचर्या परिषदेचा क्रिटिकल केअरमधला दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि प्रसूतिसेवेतला अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे, तो केल्यावर मिळणारे हे नाव. पत्रात पद मोठे असले तरी डॉक्टरांच्या लेखी सूचनांनुसार स्वतः काय करण्याची मुभा आहे, हे लिहून मागावे. नाही तर नाव प्रॅक्टिशनरचे आणि काम-पगार स्टाफ नर्सचाच.

आपल्या मिशन रुग्णालयांविषयीही लिहिले पाहिजे. तिथे शिकवतात चांगले, रात्री जुनी सिस्टर असते, मुलगी सुरक्षित राहते. पण ‘सेवा’ हा शब्द पुढे करून पगार कमी ठेवायची सवय आपल्याकडेही आहे. सेवाभाव मुलीने आणायचा, मजुरी संस्थेने द्यायची, आणि मजुरीविषयी शास्त्र काय सांगते ते आपल्या विश्वस्तांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. मिशनच्या पत्रातही तास, सुट्ट्या, निधी आणि २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा वाचूनच सही करावी.

सुरत किंवा व्यारा इथून बोलावणे आले असेल तर आणखी एक काम वाढते. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी गुजरातेत चालत नाही, तिथल्या परिषदेकडे वेगळी नोंदणी करावी लागते. तिचा खर्च कोण करणार, आणि ती होईपर्यंत ‘ट्रेनी’चा पगार देणार की पूर्ण, हे जाण्याआधी पत्रावर लिहून घ्यावे.