सुधारित संमिश्र वसाहत आणि गावचा रस्ता

वसाहतीचा आराखडा एकदा मंजूर व्हावा आणि बांधकामापूर्वीच त्यात बदल सुचविला जावा, असे गोव्यातील गावांना नवे नाही. निव्वळ घरांच्या जागी घरे, दुकाने व कचेऱ्या अशी संमिश्र योजना पुढे येते, तेव्हा ग्रामस्थांचा प्रश्न असतो तो रस्त्याचा. हा हिशेब तज्ज्ञांचा म्हणून बहुधा सोडून दिला जातो. वस्तुतः त्यातील गणित शालेय आहे. खरी अडचण कोणता आकडा कशाशी ताडावयाचा, ही होय.

प्रथम रस्त्यावरील वाहने मोजतात. बस आणि दुचाकी सारखीच जागा अडवीत नाहीत, म्हणून प्रत्येक वाहनाचे मोटारीच्या मापात रूपांतर केले जाते. भारतीय रस्ते परिषदेच्या १९९० च्या मार्गदर्शिकेप्रमाणे, ज्या वाहनप्रकाराचे प्रमाण रहदारीत दहा टक्के वा अधिक असते, त्यांत दुचाकी ०.७५ आणि बस अथवा ट्रक ३.७ एकके धरली जाते. वस्तीतील दुपदरी संग्राहक रस्त्यास त्याच मार्गदर्शिकेने तासाला ९०० एककांची मर्यादा सांगितली आहे. ती ओलांडली म्हणजे रस्ता तत्काळ तुंबतो असे नव्हे. पण वेग मंदावतो व वळणाऱ्या वाहनामागे रांग धरते.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गावच्या अशा रस्त्यावर सायंकाळच्या गर्दीच्या तासात ६२० एकके जातात. मूळ मंजूर योजनेत २०० सदनिका होत्या. प्रत्येकीमागे त्या तासात ०.४ फेरी धरल्यास ८० एकके होतात. सुधारित योजनेत सदनिका १२० उरल्या, म्हणजे ४८ एकके. परंतु दुकानांच्या १५० व कचेऱ्यांच्या ६० मिळून बेरीज २५८ झाली. वसाहतीतील रहिवासी खालच्याच दुकानात पायी जातो, यासाठी २८ वजा केल्यास २३० उरतात. त्यांतील ४० वाहने एरवीही याच रस्त्याने जाणारी, वाटेत थांबणारी आहेत; म्हणून रस्त्यावरचा नवा भार १९० एककांचा. या दोन वजावटी रास्त आहेत, मात्र त्या आसपासच्या तशाच वसाहतीत प्रत्यक्ष मोजून ठरवाव्यात. दूरच्या शहरातील प्रमाण उचलून आणले की हिशेब हवा तसा वाकविता येतो.

अर्जदार म्हणेल, मूळ योजनेपेक्षा वाढ केवळ ११० ची आहे. हे खरे, पण मूळ योजना कागदावरच आहे. आजच्या ६२० मध्ये १९० मिळविले तर ८१० होतात आणि ९०० ची मर्यादा पाळली जाते. येथेच हिशेब थांबविण्याचा मोह होतो. वसाहत पुरी होण्यास पाच वर्षे लागतील व रहदारी वर्षाला ५ टक्क्यांनी वाढेल असे मानल्यास ६२० चे ७९१ होतात. मूळ योजना धरून ८७१, सुधारित धरून ९८१! एकीत रस्ता तगतो, दुसरीत नाही. जवळपास मंजूर झालेल्या अन्य बांधकामांचा भार यात धरलेलाच नाही. तो धरावा लागतो.

मोजणी कोणत्या दिवशी झाली, हेही पाहावे. मे महिन्यात शाळा बंद असतात, पावसाळ्यात पर्यटक थोडे. म्हापशाकडे जाणाऱ्या रस्त्याची मोजणी शुक्रवारचा बाजार वगळून केली, तर आठवड्यातील सर्वांत गजबजलेला दिवसच निसटतो. अहवालात तारीख, वार व वेळ नसल्यास ग्रामसभेने ती मागावी.

वाटेत थांबणारी ती ४० वाहने रस्त्याच्या बेरजेतून वगळली, तरी फाटकापाशी वळणार सर्व २३०च. म्हणून फाटकाचा हिशेब निराळा करावा लागतो. फाटक शाळेसमोर असेल तर तो अधिकच महत्त्वाचा, कारण चालत जाणारे मूल कोणत्याही एककात मोजले जात नाही. अशा ठिकाणी फाटक दुसऱ्या बाजूस हलविणे, पदपथ बांधणे किंवा दुकानांचे क्षेत्र घटविणे, यांपैकी काय करणार हे मंजुरीच्या अटींत लिहून घ्यावे लागते. वसाहतीत लोक राहावयास आल्यावर फाटक हलविणे जवळजवळ अशक्य असते.